निळ्यावर हिरवा

मार्टॉफ्टच्या चॅपेलात थेल्मा डाऊस पुढून तिसऱ्या बाकावर बसायची आणि तिच्या शेजारी तिचा नवरा आयव्हर. आयव्हरला गळा नव्हता, स्तोत्र सुरू झालं की तो नुसते ओठ हलवायचा. पण त्याचे दोन्ही हात मांडीवर व्यवस्थित ठेवलेले असत आणि त्या हातांच्या नखांत कधी हिरवा तर कधी तपकिरी रंग. शनिवारी संध्याकाळी थेल्मा त्याला साबण आणि साखर घेऊन मोरीपाशी उभं करायची. तरी कडेला एखादी रेघ राहायचीच.

"देवाला चालतं गं," तो म्हणायचा. "सुताराच्या घरात वाढलाय त्याचा मुलगा."

थेल्माने बायबल लहानपणापासून वाचलेलं, पण असल्या बाबतीत आयव्हर तिला हरवायचा.

एरवी तो बोलायचा कमीच. बापाची कोबी-बटाट्याची शेती आयुष्यभर केली, गुडघे गेले तेव्हा ती पुतण्याच्या हवाली केली आणि मग रंगात शिरला. रंग म्हणजे जुन्या लष्करी गाड्यांचा. या भागात दर तिसऱ्या-चौथ्या शेडमध्ये एखादी तरी लष्करी गाडी निघतेच. दुसरं महायुद्ध संपलं, विमानतळ ओस पडले, आणि ज्या ट्रकांतून बॉम्ब जायचे ते लिलावात शेतकऱ्यांनी घेऊन त्यांत बटाटे भरले. आता म्हातारपणी त्याच शेतकऱ्यांना त्या गाड्या पुन्हा पहिल्यासारख्या करायच्या होत्या. दर गुरुवारी दुपारी ही मंडळी पर्सी कर्मनच्या शेडमध्ये जमायची. पर्सी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. लेन हिपकिन पलीकडच्या गावचा, काटकुळा, प्रत्येक खिळा पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघणारा. आणि आयव्हर.

रंगाची गोष्ट निघाली की मात्र आयव्हरला तोंड फुटायचं. लष्करी हिरवा चमकता कामा नये, चमकला तर तो आइस्क्रीमच्या गाडीचा हिरवा. ब्रशने लावायचा ऑइलपेंट सावकाश वाळतो पण जुन्या रंगाशी जुळवून घेतो. फवाऱ्याने मारायचा सेल्युलोजचा रंग तासाभरात वाळतो, पण त्याच्या थिनरच्या पोटात आग. तो खालच्या जुन्या ऑइलपेंटवर पडला की खालचा रंग खवळून उठतो आणि दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो. हे सगळ्यांना पाठ होतं, कारण लेनने एकदा घाईघाईत आपल्या रुग्णवाहिकेच्या बॉनेटवर तो मारला होता. तेव्हापासून ती रुग्णवाहिका 'हत्ती' झाली.

"लेन, हत्तीला आंघोळ घातलीस का रे आज?" पर्सी दर गुरुवारी विचारायचा.

"घातली. तुझ्या साबणाने," लेन म्हणायचा. "तू वापरत नाहीस म्हणून पडून होता."

थेल्मा मनुके घातलेला पाव घेऊन आली की पर्सी तिलाही ओढायचा. "थेल्मा, तू आज कोणता कोट घातलायस हे तुझ्या नवऱ्याला विचार बघ. सांगता येणार नाही. पण बेचाळीस सालच्या ट्रकचा तपकिरी कुठला, ते डोळे मिटून सांगेल."

"कोट तोच आहे, पर्सी. लग्नानंतर घेतलेला. त्याला वाटत असेल, ती कातडीच आहे माझी."

सगळे हसायचे. आयव्हरही हसायचा, खाली मान घालून.

त्यांची एक रीत होती. नवी गाडी कामाला घेतली की आधी तिचा 'डोळा' उघडायचा. म्हणजे दारावर तळहाताएवढी जागा निवडायची, साबणाच्या पाण्यात वॉटर पेपर, म्हणजे घासायचा बारीक खरखरीत कागद, बुडवून ती गोल गोल घासायची, अगदी हळू. मधोमध पत्रा दिसू लागला की थांबायचं. मग झाडाच्या बुंध्यातल्या वर्तुळांसारखे रंगाचे एकेक हात उघडे पडतात, बाहेरून आत नव्यापासून जुन्यापर्यंत. घासण्याआधी प्रत्येकाने पैज लावायची, सगळ्यांत आतला रंग कोणता. हरेल त्याने बाकीच्यांना बियर पाजायची, आयव्हरला मात्र आल्याचं सरबत, कारण चॅपेलवाले दारू पीत नाहीत.

आयव्हरने इतरांच्या गाड्यांचे असे कितीतरी डोळे उघडले. स्वतःच्या शेडमध्ये बापाने घेतलेला बेडफर्ड ट्रक उभा होता, त्याला कधी हात लावू दिला नाही. पर्सी मागे लागायचा. आयव्हर म्हणायचा, "उंदरांचं घर आहे ते, राहू दे." पर्सी या गावात मागाहून आलेला, लेन तर बाहेरचाच. चॅपेलच्या आवारात नेव्हिल डाऊस हे नाव कोरलेला थडग्याचा एक दगड आहे आणि तो मुलगा सोळा वर्षांचा होता, एवढं दोघांनाही माहीत होतं. त्या दगडाचा आणि ट्रकचा काही संबंध असेल, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. डाऊसांच्या घरात ते नाव घेतलंच जात नसे. कुणी मनाई केली नव्हती. नवरा-बायको दोघंही एकमेकांना जपत गेले आणि जपता जपता ते नाव ओठांवरून गेलं.

फ्रान्सच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्या त्याला पन्नास वर्षं होणार होती. जूनमध्ये गावाच्या मैदानावर गाड्यांची रांग लावायची असं पंचायतीने ठरवलं. आदल्या वर्षीच्या शरदात पर्सीने पुन्हा विचारलं आणि आयव्हरने, कुणाला वाटलं नव्हतं, 'बरं' म्हणून शेडचं दार उघडलं.

थेल्मा चहाचा ट्रे घेऊन गेली तेव्हा तिघेही ड्रायव्हरच्या दारापाशी वाकले होते. आयव्हर घासत होता. बादलीतलं पाणी निळं झालेलं तिने दुरून पाहिलं आणि पाय जागीच थांबले.

"निळा, मग तांबडा, मग हिरवा," पर्सी ओरडला. "आणि आत तपकिरी! हरलास लेन, बियर काढ!" मग त्याने बोटाने दाराच्या कडेवरचा जाड ओघळ चाचपला. "पण हा वरचा निळा कुठल्या आंधळ्याने फासलाय रे? बघ, ब्रशचे केससुद्धा आत सोडलेत. चुना लावायच्या कुंच्याने मारलाय की काय?"

आयव्हरने कागद बादलीत बुडवला आणि तो जरा जास्त वेळ बुडवून ठेवला.

"होता एक," तो म्हणाला.

कुंच्याचं पर्सीने बरोबर ओळखलं होतं. सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात नेव्हिलने चुन्याच्याच कुंच्याने तो ट्रक रंगवला. ट्रॅक्टरसाठी आणलेला निळा रंग डब्यात उरला होता, ट्रकवरच्या तांबड्याचे पोपडे उडत होते, पोरगा घरात बसून कंटाळला होता. शर्ट काढून भर उन्हात त्याने पुढचा सगळा भाग निळा करून टाकला, काच वगळून. काचेवरही थोडा. शेतातून आलेला आयव्हर कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"हा रंग आहे की लापशी?"

"बाबा, कोबीला काय फरक पडतो?" नेव्हिल म्हणाला, आणि नाकावरचा निळा ठिपका पुसायला गेला तो गालभर पसरला. थेल्मा स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून पोट धरून हसली होती.

पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात धुक्यातून तो मोटारसायकलवरून घरी येत होता. कालव्याकाठचा रस्ता सरळ आहे, फक्त एका जागी वळतो. सरळ रस्त्यावरचं ते एकच वळण.

त्यानंतर आयव्हरने ट्रक शेडमध्ये घातला, दार लावून घेतलं आणि कोबीसाठी दुसरी गाडी घेतली. नेव्हिलच्या वाढदिवशी तो बाजाराला गेला की थेल्मा शेडमध्ये जायची. ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीखाली एक ओघळ थेंबासारखा वाळून टणक झाला होता. त्यावर ती बोट ठेवायची आणि मनात प्रार्थना म्हणायची. आपण येतो हे नवऱ्याला ठाऊक नसेल अशी तिची समजूत.

डोळा उघडला त्या दिवशी वाद झाला तो रंगावरून.

"हे सगळं पत्र्यापर्यंत खरवडायचं," लेनने निकाल दिला. "वाळूचा मारा करून घ्यायचा. ससेक्सपासून स्कॉटलंडपर्यंत कुठल्याही प्रदर्शनात विचार, उघडा पत्रा, प्रायमर आणि मग रंग. खालचा रंग मेलेला असला की वरचा त्याच्यासकट गळतो."

"खालचा धरून आहे," आयव्हर म्हणाला. "मी सोड्याच्या पाण्याने धुईन, हलका कागद मारीन आणि वर ब्रशने ऑइलपेंटचे दोन हात देईन, फौजा उतरल्या तेव्हाच्या हिरव्याचे."

"ब्रशने? आख्खा ट्रक? जून उजाडेल की तुला वाळवायला! सेल्युलोज मारू, दोन दिवसांत मोकळे."

"सेल्युलोजचं नाव काढू नकोस. खालचं सगळं उठेल."

"म्हणूनच म्हणतोय, खालचं ठेवूच नको."

"खालचं राहील," आयव्हर म्हणाला, इतक्या शांतपणे की पर्सीने चहा पितापिता कप खाली घेतला.

लेनला पटलं नाही. जाताना तो पर्सीला फाटकापाशी हळूच म्हणाला, आणि दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला आलेल्या थेल्माने ते ऐकलं, "थकलाय रे. खरवडायची ताकद नाही अंगात, आणि मान्य करायचा नाही. डाऊस लोक असलेच."

"आपण आहोत की," पर्सी म्हणाला.

संध्याकाळी जेवण झालं, ताटं धुऊन झाली. थेल्माने फडक्याला हात पुसले आणि इतक्या वर्षांत जे बोलली नव्हती ते बोलली.

"रंगवूच नको ना. राहू दे तसाच निळा."

आयव्हरने तिच्यासमोर उजवा तळहात धरला. त्यावर पिठासारखी निळी पूड होती.

"रंग म्हातारा झाला की असा भुकटी सोडतो. हात फिरवला की एवढा जातो. तू फिरवतेस, मी फिरवतो." त्याने मूठ मिटली. "आपणच पुसून टाकतोय त्याला, थेल्मा."

म्हणजे आयव्हरला माहीत होतं. आणि तोही शेडमध्ये जात होता.

"वर हिरवा बसला की खालचा हलणार नाही," तो पुढे म्हणाला. "हवा नाही, ओल नाही, आपली बोटं नाहीत. ट्यूलिपचे कंद मातीखाली कसे गप पडून राहतात, तसा राहील. पण त्याला ऑइलपेंटच हवा. तो खालच्याला दुखवत नाही."

"दिसणार नाही मग."

"आहे हे माहीत असेल ना."

थेल्माला बाजारातला कुठलाही रंग कुठल्याही रंगासारखाच. पण हे तिला कळलं. त्या संध्याकाळी तिने प्रार्थनेत देवाकडे काही मागितलं नाही, नुसते आभार मानले. पंचवीस वर्षं दोघं एकाच दाराला वेगवेगळ्या वेळी हात लावत होती आणि आज निदान एकमेकांना सापडली होती.

आयव्हर कामाला लागला. त्याच्या कामाची गती बघून गोगलगायीलाही झोप आली असती. फडकं सोड्यात बुडवायचं, पिळायचं, टिपायचं, घासायचं नाही. जिथे गंज फुगला होता तेवढाच खरवडायचा आणि बाकीचं वाचवायचं. ओघळ, ब्रशचे केस, सगळं जागच्या जागी. डोळा उघडलेली जागा त्याने लांबी भरून मिटवली. पर्सीने नवी बॅटरी बसवून इंजिन सुरू करून दिलं होतं. गुरुवारी मंडळी डोकवायची आणि पर्सी म्हणायचा, "आयव्हर, ट्रकला आंघोळ घालतोयस की बाप्तिस्मा देतोयस?" आयव्हर हसायचा. कारण मात्र सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे ते नाव घ्यावं लागलं असतं, आणि इथली माणसं शेजाऱ्याला मदत मागतील एकवेळ, पण दुःख उघडं करून दाखवणार नाहीत. ते अंगावरचा कपडा सोडण्यासारखं.

मार्चमध्ये ऑइलपेंटचे डबे आले. आयव्हरने झाकण उघडून काठीने ढवळलं, एका पत्र्यावर रेघ ओढून उन्हात नेली, मान हलवली. पुढच्या सोमवारी पहिला हात द्यायचा. रविवारी चॅपेलात, शेवटच्या स्तोत्राला, तो उभा राहिला आणि तसाच बाकावर बसला. थेल्माला वाटलं गुडघा. त्याने तिचा हात धरला तेव्हा त्याचा तळवा ओला आणि गार होता.

छातीचं मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वाचलाय, पण जपायला हवं. पायऱ्या नाहीत, ओझं नाही, थंड वारा नाही. समुद्रकाठी थेल्माच्या बहिणीचं बसकं घर होतं. तिथेच बरा होईपर्यंत राहायचं ठरलं. थेल्मा कपडे न्यायला एक दिवस घरी आली तेव्हा पर्सी अंड्यांची टोपली घेऊन दारात उभा.

"कसा आहे तो?"

"नर्सला सांगतोय, तुमच्या भिंतीचा हिरवा चुकलाय म्हणून."

"मग मरत नाही." पर्सी हसला आणि लगेच टोपीशी चाळा करू लागला. "थेल्मा, शेडची चावी देऊन ठेव. महिनाभर इंजिन बंद राहिलं की बॅटरी बसेल. मी येऊन जरा फिरवत जाईन."

तिने खुंटीवरची चावी काढली. हातात घेऊन ती तिथेच उभी राहिली. याला सांगावं का? की बाबा, इंजिन फिरव, पण दाराला, रंगाला हात लावू नको? मग तो विचारणार, का गं? आणि मग? हे गुपित अर्धं आयव्हरचं होतं. तो तिकडे छातीला टाके घालून पडलेला, आणि इथे दारात अंड्यांच्या टोपलीवर ते आपण उलगडायचं?

"जास्त काही करत बसू नका," ती एवढंच म्हणाली.

"आम्ही? काम?" पर्सीने डोळे मोठे केले. "तुला आमची ओळख आहे ना?"

थेल्मा हसली आणि चावी दिली.

समुद्रकाठी आयव्हर हळूहळू चालू लागला. आधी फाटकापर्यंत, मग बांधापर्यंत. रोज हिशेब करायचा: एप्रिलअखेर घरी गेलो तर मेमध्ये दोन हात होतील, पातळ मारले तर जूनपर्यंत वाळतील. "बसून करीन," तो म्हणायचा. "स्टुलावर. वरचा भाग तू कर."

"मी? मला कुठे येतंय?"

"तुला येईल. हात हलका आहे तुझा."

तिने तेव्हापासून मनातल्या मनात ब्रश धरायला सुरुवात केली होती. त्या ओघळाच्या थेंबावर हिरवा कसा फिरवायचा, तो दबणार नाही असा, याचा विचार करत ती भांडी घासायची.

घरी निघाले त्या दिवशी हवा छान होती, बांधावर सगळीकडे पिवळी फुलं. फाटकापाशी गाड्या दिसल्या. अंगणात टेबल मांडलं होतं, वर चादर, डुकराच्या मांसाचे वडे, लेनच्या बायकोचा केक. गुरुवारची सगळी मंडळी स्वच्छ शर्ट घालून ओळीने उभी होती. शेडची दोन्ही दारं उघडी.

"डोळे मिट, म्हाताऱ्या!" पर्सी धावत आला. "थेल्मा, धर त्याला. मिटलेस? हां. आता उघड."

ट्रक शेडच्या बाहेर, उन्हात उभा होता. एक दार तेवढं मुद्दाम राखलं होतं, त्याला दाखवण्यासाठी. बाकी सगळीकडे तांबडा प्रायमर, एकसारखा, गुळगुळीत. राखलेल्या दारावर काहीच नव्हतं. नुसता पत्रा. रुपेरी करडा, धुऊन ठेवलेल्या ताटासारखा. एक ओघळ नाही, एक केस नाही. हे ड्रायव्हरचं दार होतं.

"वाळूचा मारा करून घेतला," पर्सी म्हणाला. आनंदाने त्याचा चेहरा लाल झाला होता. "बाजारच्या गावचा एकजण मशीन घेऊन आला, तीन शनिवार सगळे राबलो. ते चार थर, तो घाणेरडा निळा, सगळं साफ! लेनने आतले कोपरे हाताने काढलेत, दात कोरायच्या काडीने, विश्वास बसेल? लेनला म्हटलं होतं मी, आपण आहोत की."

"एक दार असं ठेवलं," लेन म्हणाला, "म्हणजे तुला पटावं की खाली खरंच काही राहिलेलं नाही."

इथे असंच करतात. माणूस आजारी पडला की त्याचं शेत नांगरून देतात, त्याची गाडी पुरी करतात, आणि विचारत नाहीत, कारण विचारलं तर तो नको म्हणेल.

थेल्माने आयव्हरचा दंड धरला होता. तिला वाटलं तो पुन्हा बसेल, बाकावर बसला तसा. पण तो चालत दारापाशी गेला. मुठीखाली जिथे थेंब होता तिथे त्याने तळहात टेकवला. मग हात उचलून त्याने बघितला. हात स्वच्छ होता.

सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. लेनच्या बोटांना जखमा होत्या, एकावर पट्टी होती. आयव्हरने ती पट्टी बघितली.

"फार मेहनत घेतलीत," तो म्हणाला. त्याचा आवाज साधाच होता. "फार चांगलं काम केलंत. असं माझ्या हातून झालं नसतं."

टाळ्या पडल्या. पर्सीने रुमाल काढून नाक शिंकरलं. कुणीतरी आयव्हरला खुर्ची दिली, कुणी चहा दिला.

"आता शेवटची गोष्ट तुझी," पर्सी म्हणाला. "रंग तू ठरवायचा, हे आम्ही आधीच ठरवलंय. तुझे ऑइलपेंटचे डबे तसेच आहेत, हात लावला नाही. माझ्याकडे सेल्युलोज आहे, कॉम्प्रेसरही आणलाय. काय लावायचं? ब्रश की फवारा?"

आयव्हरने चहाचा घोट घेतला.

"तुमच्याकडे आहे तो लावा."

लेनला ऐकलेलं खरं वाटेना. "सेल्युलोज? अरे, सहा महिने भांडलास माझ्याशी! नाव काढू देत नव्हतास!"

"ते तेव्हा, लेन," आयव्हर म्हणाला. "आता उघडा पत्रा आहे. उघड्या पत्र्यावर काहीही चालतं."

"बघा!" लेन सगळ्यांकडे वळला. "शेवटी मानलं! ऑपरेशनमध्ये डोकंपण दुरुस्त करून दिलंय!"

हशा झाला. थेल्मा केक कापत होती. ती कापतच राहिली, नको तेवढे तुकडे करत. पर्सी ताटली घ्यायला आला. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू जरा मावळलं.

"थेल्मा? काही चुकलं का गं आमचं?"

तिने त्याच्या ताटलीत केक ठेवला, मग अजून एक तुकडा. खोटं बोलायला तिच्या आईने शिकवलं नव्हतं आणि तिनेही कधी शिकून घेतलं नव्हतं.

"नाही, पर्सी," ती म्हणाली. "तुम्ही देवमाणसं आहात. खा."

तो निश्चिंत झाला आणि खात खात कॉम्प्रेसरकडे गेला.

ऊन उतरायला लागलं तसं आयव्हर म्हणाला, थकलो, आत जातो. थेल्माने त्याला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं, गुडघ्यांवर शाल घातली, पायांतले बूट काढले. ते काढताना ती जमिनीवर बसलेली होती, म्हणून तिला वर बघावं लागलं नाही.

"चावी मी दिली," ती म्हणाली.

"द्यायलाच हवी होती," आयव्हर म्हणाला. "बॅटरी बसली असती."

ती तिथेच बसून राहिली, बूट मांडीवर घेऊन. थोड्या वेळाने त्याचा हात तिच्या डोक्यावर आला आणि तिथेच थांबला.

"नेव्हिलला आवडलं नसतं हे," तो म्हणाला. "म्हणाला असता, एवढं खरवडलंत कशाला? कोबीला काय फरक पडतो?"

पंचवीस वर्षांनी ते नाव त्या घरात उच्चारलं गेलं, आणि त्याच्यामागे काहीच उरलं नव्हतं. थेल्मा रडली ती आवाज न करता, कारण बाहेर माणसं होती. आयव्हरला रडायची बंदी होती. टाके कच्चे होते, डॉक्टरांनी सांगितलं होतं, जोराने खोकू नका, जोराने हसू नका. तो छातीवर एक उशी दाबून धरून बसला.

बाहेर कॉम्प्रेसर सुरू झाला. "लांब धर रे! लांब! हत्ती करायचाय का पुन्हा?" पर्सीचा आवाज आला, आणि लेनचा, "तुझं पोट बाजूला घे आधी!" थिनरचा तिखट वास अंगण ओलांडून आत येऊ लागला. त्या वासाने आयव्हरला खोकला आला असता, म्हणून थेल्मा उठली आणि तिने खिडकी लावून घेतली.